अंबूमावशीचे कडक पाटे

दवाखान्याच्या दारात दोन माणसं स्ट्रेचर घेऊन धावत आली आणि अंबूमावशीनं गाडीतनंच हात दाखवून त्यांना थांबवलं. तोंडातनं शब्द फुटत नव्हता. ओठ निळे पडलेले, कपाळावर घाम, पण हात असा दाखवला की ती दोघं जागच्या जागी उभी राहिली. कृष्णाजीकाका, म्हणजे मावशीचे यजमान, तोवर मागच्या सीटवरनं तिची चाकाची खुर्ची काढून दाराला लावत होते. मागनं रिक्षातनं मावशीचा थोरला भाऊ प्रतापराव उतरला. धिप्पाड माणूस, आवाज त्याहून मोठा. तो बाह्या सरसावत पुढं आला, म्हणाला बाजूला हो कृष्णाजी, मी नेतो उचलून. आतनं नर्सही ओरडत होती की वेळ घालवू नका.

मावशीनं काकांकडं बघितलं. नुसतं बघितलं. काका भावाच्या आणि दाराच्या मधे जाऊन उभे राहिले.

"ती उतरेल," ते म्हणाले.

आणि मावशी उतरली. एक तळवा खुर्चीवर, एक सीटवर. जरा सरकली, दम घेतला, परत सरकली. किती वेळ लागला ते देवाला माहीत, प्रतापराव नंतर सांगायचा पाव तास, काका म्हणायचे तेवढा नाही. खुर्चीत बसली, पदर खांद्यावर नीट घेतला आणि मान हलवली, चला. काकांनी खुर्ची आत ढकलत नेली. दिवे लागायच्या वेळेला ती गेली. डॉक्टर म्हणाले हृदय केव्हाचंच थकलेलं होतं.

आता हे वाचून कुणी म्हणेल काय हट्टी बाई. होतीच हट्टी. पण हट्ट कशाचा ते सगळं ऐकल्याशिवाय कळायचं नाही.

आपल्या भावसार लोकांत शिवणकाम घरोघर. बेंगळूरला श्रीरामपुरममधे मावशीचं घर, दोन खोल्या, पुढच्या खोलीत हातानं फिरवायचं मशीन. ब्लाउज शिवावेत तर अंबूबाईनंच, असं मल्लेश्वरमपर्यंत नाव. तिशीच्या आत तिचे सांधे धरले. आधी गुडघे, मग कंबर. पाय वाकायचे तेवढेच वाकून राहिले. उभं राहणं संपलं. तेल झालं, काढे झाले, नवस झाले. मूलबाळ नव्हतं. काका चिकपेटच्या एका कापडवाल्याकडं ड्रायव्हर. त्यांनी सुताराकडनं सागवानी खुर्ची करून घेतली, खाली बेअरिंगची चाकं. तिची उंची मशीनच्या टेबलाला धरून केली, कारण मशीन फिरवता आलं नाही तर मावशी जगली काय आणि मेली काय, असं मावशीच म्हणाली होती. खांद्यांत मात्र जोर होता. हातावर अंग तोलून ती खुर्चीतनं पलंगावर, पलंगावरनं खुर्चीत अशी सरकायची. घरात तिला कुणाचा हात लागत नव्हता.

बाहेर जायचं म्हणजे उचलायला माणसं पाहिजेत. प्रतापरावाच्या मुलीचं लग्न होतं, सत्तावन्न सालच्या आसपास. मंडपाला पायऱ्या. प्रतापरावानं एका बाजूनं धरलं, दुसऱ्या बाजूला आचाऱ्याला बोलावलं, कारण घरचे पुरुष वरातीत अडकलेले. त्याचे हात तेलकट. व्याह्यांच्या देखत मावशीचा पदर सुटला, खाली लोंबला, तिला तो धरता येईना कारण दोन्ही हात उचलणाऱ्या दोघांच्या गळ्यात. बँडवाली पोरं हसली. मावशी जेवली नाही. घरी आल्यावर काकांना म्हणाली, "आजपासून मला कुणी उचलायचं नाही. मेल्यावर काय ते उचला."

प्रतापरावाला हे कळलं तेव्हा त्याला अपमान वाटला. आम्ही भाऊ मेलो काय, आम्हाला बहीण जड झाली काय, असं तो दारात उभा राहून सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलला. त्याचं प्रेम होतं हो, नाही म्हणायचं नाही. पण त्याचं प्रेम म्हणजे उचलणं. मावशी आतनं म्हणाली, अण्णा, प्रेम असेल तर आत येऊन चहा पी, उचलायला भाजीची पिशवी आण. आणि तेव्हापासून ती घरातच बसली. चतुर्थी नाही, हळदीकुंकू नाही, कुणाचं बारसं नाही. गिऱ्हाइकं घरी यायची. खिडकीतनं दिसेल तेवढं बेंगळूर.

मग काकांच्या मालकानं नवी मोठी गाडी घेतली आणि जुनी बेबी हिंदुस्तान काकांना दिली. दोन दारांची छोटी गाडी, पण दारं चांगली रुंद. काकांनी ती दारापुढं आणून उभी केली आणि मावशीला बाहेर बोलावलं. मावशी खुर्ची ढकलत उंबऱ्याशी आली, सीटकडं बघितलं, खुर्चीकडं बघितलं. सीट चार बोटं उंच. चार बोटं म्हणजे तुम्हाआम्हाला काय, पण हातावर सरकणाऱ्याला तो डोंगर.

काका म्हणाले खुर्ची उंच करून घेऊ. मावशी म्हणाली खुर्ची उंच केली तर मशीनला हात पोचत नाही. आणि मग म्हणाली, "खुर्ची वर जात नसेल तर गाडी खाली घ्या की."

काका हसले. ड्रायव्हर माणूस, सगळं आयुष्य गाडी वर राहावी म्हणून धडपडलेले. खड्डे, गटारं, जटक्यांनी, म्हणजे टांग्यांनी पाडलेल्या चाकोऱ्या, त्यात गाडी खाली घ्यायची म्हणजे पोट घासायचं. पण मावशी हसत नव्हती.

सिटी मार्केटच्या मागं हयवदनचं गॅरेज होतं. हा माध्व ब्राह्मण, कपाळाला गोपीचंदन आणि कोपरापर्यंत ग्रीस. कानडी माणूस, पण मार्केटात राहून मराठी शिकलेला. त्या वेळी काही हौशी पोरं विमानतळाच्या पट्टीवर शर्यती करायची आणि गाड्या बसक्या करून घ्यायला त्याच्याकडं यायची. काकांनी गाडी खाली घ्यायची म्हटल्याबरोबर हयवदन खूश. किती खाली, वळणावर किती जोरात जाणार, सगळं विचारायला लागला. मग म्हणाला, कृष्णाजीअण्णा, ह्या वयात शर्यतीला कोण बसणार, तुम्ही?

"बायको," काका म्हणाले.

हयवदनानं हातातला पाना खाली ठेवला.

सगळं ऐकून घेतल्यावर त्याला वाटलं ह्यात अवघड काही नाही. ह्या गाडीला मागं पाटे असतात, म्हणजे एकावर एक ठेवलेल्या कमानीसारख्या लोखंडी पट्ट्या, त्याच स्प्रिंगा. पुढं स्प्रिंग नसते, एक लांब सळई असते ती पीळ खाते. हयवदनानं मागच्या पाट्यांतली एकेक पट्टी काढून टाकली, पुढची सळई तिच्या टोकाच्या दात्यांवर जरा मागं फिरवली. गाडी बसली खाली. काकांनी खुर्ची नेऊन लावून बघितली, सीट आणि खुर्ची एकदम एका पातळीत, वर पाट ठेवला असता तर हलला नसता. हयवदन म्हणाला सरी, ठीक, झालं काम. केळं सोलून खाल्लं, कारण तो बाहेरचं दुसरं काही खात नसे, आणि दुसऱ्या गाडीखाली शिरला.

पहिल्या दिवशी मावशी स्वतः सरकून गाडीत बसली तेव्हा गल्लीतल्या बायका दारात आल्या होत्या. ती कुणाकडं बघत नव्हती. मांडीवर ब्लाउजांचं बोचकं. मल्लेश्वरमला आठव्या क्रॉसच्या पुढं अनुसूया म्हणून गिऱ्हाईक होती, तिच्याकडं पोचवायचे होते. पट्ट्या काढल्यामुळं गाडी मऊ झालेली, पाळण्यासारखी डुलत गेली. मावशीला एक धक्का लागला नाही. काका मनात म्हणत होते, हे आधीच करायला हवं होतं.

अनुसूयाच्या दारात काकांनी खुर्ची लावली आणि तेव्हा कळलं. गाडी बसकी करताना दोघांनीही ती रिकामीच मोजलेली. मावशी आत बसल्यावर तिच्या वजनानं मऊ पाटे आणखी दबले आणि सीट खुर्चीच्या खाली गेली. आत यायला सपाट, बाहेर जायला चढ. दोन माणसं होती मोजायला, एकाच्याही डोक्यात आलं नाही की बाई आत बसणार आहे.

मावशीनं जोर लावला. सरकली, परत घसरली. रस्त्यावरचा भाजीवाला आला, समोरच्या घरातला शिपाई आला, एक म्हातारा छत्री घेऊन आला आणि सल्ला देऊ लागला. भाजीवाला म्हणाला, पाहा अक्का, मी आणि हा शिपाई स्वल्प उचलतो, झालं. मावशी म्हणाली, कोण उचलतंय बघते मी. कानडीत म्हणाली, म्हणजे सगळ्यांना नीट समजावं. मग अनुसूयेला हाक मारून बाहेर बोलावलं आणि गाडीतच दुकान मांडलं. दाराशी ओणवं करून तिला ब्लाउजची बाही लावून बघितली, टाचण्या टोचल्या. शेजारची एक आली, तिची मापं घेतली. तिची जाऊ आली. संध्याकाळपर्यंत मावशी त्या सीटवर बसून होती, आणि छत्रीवाला म्हातारा सोडला तर कुणाला वाटलंच नाही की ही बाई अडकलेली आहे. अनुसूयेनं कॉफी आणून दिली ती घेतली नाही. काकांना कळलं का नाही घेतली ते. उतरता येत नसलेल्या बाईनं कॉफी कशाला प्यायची.

घरी आल्यावरही तेच. गल्ली जमली. प्रतापरावाला कुणीतरी निरोप दिला, तो आलाच. म्हणाला आता तरी हट्ट सोड, सगळं गाव बघतंय.

"उचलायचंच असेल तर गाडी उचला," मावशी म्हणाली.

 काकांनी शेजारच्या लॉरीवाल्याचा जॅक आणला आणि डाव्या अंगाला लावला. मावशी आत, गाडी हळूहळू वर, सीट खुर्चीला आली, मावशी सरकून बाहेर. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मावशी म्हणाली रोज हा तमाशा चालायचा नाही. हयवदनला बोलवा.

तर आता प्रश्न असा पडला. गाडी खाली पाहिजे आणि माणूस बसलं तरी आणखी दबली नाही पाहिजे. म्हणजे पाटे बसके आणि कडक. हयवदनानं एका मोडक्या व्हॅनचे जाड पाटे आणले, लोहाराकडं तापवून त्यांची कमान सरळ करून घेतली. पण पाटे कडक म्हणजे रस्त्यातला प्रत्येक दगड सरळ बसणाऱ्याच्या हाडात. आणि मावशीच्या हाडांचं काय होतं ते काकांना माहीत होतं, कूस बदलताना ती दात चावून धरायची. डॉक्टरनं तर स्वच्छ सांगितलं होतं, धक्के नकोत. काका म्हणाले मऊ पाटेच राहू देत, मी जॅक लावत जाईन, कुणी हसलं तर हसू दे.

मावशी म्हणाली हसण्याचं मला काही नाही. पण तुम्ही जॅक आणायला जाणार तोवर मी कुणाच्या तरी दारात बसून राहणार. मऊ गाडीत मी बसते, पण उतरायला माणूस लागतो. कडक गाडीत दुखेल, पण उतरेन मी. "दुखणं माझं आहे ना? मग पाटेही माझ्या पसंतीचे."

तिनं खरंच एकेक बसवून बघितलं. मल्लेश्वरम स्टेशनजवळचं रेल्वे गेट, तिथले रूळ आणि दोन्ही बाजूंचे खड्डे म्हणजे परीक्षा. पहिल्यांदा कडक पाटे आणि जुनेच शॉकअब्सर्बर. गाडी रुळावरनं गेली ती पलीकडं बराच वेळ बकरीसारखी उड्या मारत राहिली. मावशी टपाला आपटायची वाचली. हयवदन म्हणाला शॉक दमलेत, त्यातलं तेल पाण्यासारखं झालंय. मग त्यानं जाड तेल भरलं. आता उड्या गेल्या, पण दणका असा बसला की मावशीच्या डोळ्यांतनं पाणी आलं. ती म्हणाली हे नको, हा हातोडा आहे. मग दुसऱ्या गाडीचे शॉक आणले, तेल मधलं, मग त्यातही थोडं पातळ केलं. गेटवरनं जायचं, परत यायचं. गेटवाला विचारायला लागला काय हरवलंय का. असं करत करत एक जोडी जुळली. रुळावर एक धक्का, चांगला सणसणीत, आणि मग गाडी स्थिर.

हयवदनानं मागं वळून विचारलं, "अक्का?"

"एकदा बोलतो आणि गप्प बसतो," मावशी म्हणाली. "आमच्या अण्णापेक्षा बरा. हाच ठेव."

तेवढ्यावर संपलं असतं. पण काकांना राहवेना. रात्री मावशी कण्हायची ते त्यांनाच ऐकू यायचं. गौरीच्या आधी ते गुपचूप हयवदनकडं गेले आणि कडक पाट्यांतली एक जाड पट्टी काढून तिथं मऊ घालून आणली. मावशीला सांगितलं नाही. वाटलं एवढ्यानं तिला कळायचं नाही. दुसऱ्या दिवशी ती अनुसूयेकडं गौरीच्या हळदीकुंकवाला गेली, कितीतरी वर्षांनी पहिलं हळदीकुंकू. दारात खुर्ची लावली. मावशीनं तळवा ठेवला आणि तिला कळलं. सीट खाली होती. बोटभरच, पण खाली.

ती दोनदा सरकली, जमलं नाही. आत बायका वाट बघत होत्या. ती काकांना म्हणाली घरी चला.  घरी जॅक लावून उतरली, खुर्ची मशीनपाशी नेली आणि तिथनं, पाठ फिरवूनच म्हणाली, "तुम्ही पण शेवटी प्रतापरावच."

काका सांगायचे, मला जन्मात कुणी एवढं मारलं नाही. ते त्याच पावली गाडी घेऊन हयवदनकडं गेले आणि जाड पट्टी परत बसवून आले. मावशीला नेऊन दाखवली. तिनं बसून बघितलं, उतरून बघितलं, आणि म्हणाली चहा ठेवते.

त्यानंतर मावशी जी फिरली. बासष्टच्या मतदानाला स्वतः गेली, शाळेच्या मास्तरानं बाक बाहेर आणून तिला बाहेरच मत टाकायला सांगितलं तर म्हणाली सगळ्यांसारखी आत येऊन टाकणार. बारशी, मुंजी, शिनेमा. हेब्बाळच्या तळ्यावर नुसतं वारं खायला. धक्का बसला की डोळे मिटायची, सीटची कड धरायची, आणि काकांनी गाडी हळू केली की चिडायची, म्हणायची लोकांना वाटेल प्रेतयात्रा चाललीय. भावाच्या घरी गणपतीला गेली तेव्हा प्रतापराव जुन्या सवयीनं हात पुढं करून आला आणि ती त्याच्या हातात प्रसादाचा डबा ठेवून पुढं गेली. गल्लीतल्या यल्लव्वाच्या सासूला गुडघ्यांचा त्रास, ती म्हातारीही त्याच गाडीतनं देवळात जायला लागली, आणि पहिल्या धक्क्याला शिव्या देऊन दुसऱ्यांदा परत बसायला यायची.

धक्क्यांनी त्रास वाढला का? वाढला असेल. शेवटी शेवटी श्वास लागायचा. डॉक्टर म्हणायचे घरी बसा. ती म्हणायची बसून बघितलंय.

ती गेली. चार खांद्यांवर नेली, प्रतापरावानं पुढं खांदा दिला आणि रस्ताभर लहान पोरासारखा रडला. दिवस झाले, जेवणं उठली, पाहुणे अजून बसलेले होते. तेव्हा तो काकांच्या समोर येऊन उभा राहिला. म्हणाला त्या दिवशी उचलून आत नेली असती तर वाचली असती.  मग म्हणाला, तुझ्या त्या कडक पाट्यांनी मारलं माझ्या बहिणीला. रोज थोडं थोडं मारलं. तूच चालवत होतास.

सगळे बघत होते. कुणीतरी म्हणालं जाऊ द्या हो, आज नको. काका उठून उभे राहिले. तसे ते बुटके, प्रतापरावाच्या छातीपर्यंत यायचे.

"त्या पाट्यांनी तिला मारलं नाही, अण्णा. गावभर फिरवलं," ते म्हणाले. "घरात बसवून तुम्ही मारत होता, मीही मारत होतो. ती आपल्या दोघांच्या हातनं सुटली."

 प्रतापराव चपला घालून गेला. काकांनी पाहुण्यांना सुपारी दिली. पण उत्तर दिलं तरी प्रतापरावाचं बोलणं त्यांच्या मनात राहिलं. त्यांना झोप येईना. गाडी दारात तशीच उभी, कुणी हात लावला नव्हता.

काही दिवसांनी हयवदन आला. बराच वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग म्हणाला, अण्णा, तुम्हीही आता वयस्क झालात, कडक गाडी कशाला चालवायची. जुने मऊ पाटे मी जपून ठेवलेत. एका सकाळचं काम आहे. गाडी पहिल्यासारखी वर घेतो, विकायची म्हटली तरी गिऱ्हाईक मिळेल.

काकांनी खुंटीवरची किल्ली काढली आणि त्याच्या हातात दिली. हयवदनाला वाटलं गाडी गॅरेजला न्यायची. तो स्टिअरिंगवर बसला. काका दुसऱ्या बाजूनं गेले, डावं दार उघडलं आणि मावशीच्या सीटवर बसले. इतकी वर्षं गाडी त्यांची, पण त्या सीटवर ते कधी बसले नव्हते.

"गेटकडं घे," म्हणाले.

हयवदन समजला. गेटपाशी त्यानं गिअर टाकला, गाडी हळू केली. काका म्हणाले नेहमी जातो तशी ने. गाडी रुळावर चढली, धक्का बसला, कमरेतनं मानेपर्यंत गेला. काकांचा हात आपोआप सीटच्या कडेला गेला. मग दुसरा रूळ. मग गाडी स्थिर.

पलीकडं जाऊन हयवदनानं गाडी बाजूला घेतली. काका समोर बघत होते, सीटची कड अजून हातात.

"लागतं," ते म्हणाले.

हयवदन म्हणाला, मग घेऊ ना मऊ करून.

"नाही. पाट्यांना हात लावायचा नाही." त्यांनी खिशातला रुमाल काढून तोंड पुसलं. "वळव गाडी. परत एकदा गेटवरनं ने."